भात पिवळं पडलं की

पितरपाट संपत आला की आमच्या घरातला कोपऱ्यातला बांबू बाहेर निघतो. दीड पुरुष उंच, टोकाला शिंदीची झिजलेली केरसुणी सुतळीने करकचून बांधलेली. घट बसायच्या आत वाशांवरची, माळ्यावरची, देवळीतली सगळी जळमटं निघाली पाहिजेत, हा सासूबाईंचा दंडक. लग्न होऊन हरसूलला आले त्याला आता चोवीस वर्षं झाली. दरवर्षी पाहते, जळमटं काढून आठ दिवस होत नाहीत तोच कोळी पुन्हा हजर. दसरा झाला, भात पिवळं पडलं, की ते जास्तच दिसू लागतात. भिंतीवर, मोरीत, पोरांच्या दप्तरामागे, दारात काढून ठेवलेल्या चपलेत.

माझं माहेर सिन्नरकडचं, कोरड्या मुलखातलं. तिथे कोळी नव्हते असं नाही, पण हरसूलसारखे नव्हते. वाघेऱ्याचा घाट उतरून इकडे आलं की सगळंच ओलं. चार महिने पाऊस कोसळतो, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. पहिल्याच वर्षी कोजागरीच्या रात्री दिनदर्शिकेचं पान उलटायला गेले, तर मागून तळहाताएवढा कोळी बाहेर आला. तपकिरी, चपटा, पाय खेकड्यासारखे आडवे पसरलेले. मी किंचाळले. तो क्षणात भिंत ओलांडून वाशामागे गेला. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून फवारा आणून सगळ्या खोल्यांत मारला. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला तर झुरळं होती तशीच होती, आणि कोळी पुन्हा कधी दिसला नाही. तेव्हा मला एवढंच वाटलं की बरं झालं. आज तसं वाटत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांच्या प्रश्नांनी मला या प्राण्याकडे परत वळवलं. ‘बाई, कोळी पावसात कुठं असतात? आत्ताच कुठून येतात?’ सहावीतल्या एका मुलीने विचारलं होतं. पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. मी बघायला सुरुवात केली, मिळेल ते वाचलं. भारतीय कोळ्यांवर बी. के. टिकादर यांचं १९८७ सालचं एक हस्तपुस्तक आहे. त्यातली चित्रं घेऊन मी भिंतीपाशी उभी राहायचे.

पहिली गोष्ट कळली ती ही, की घरात दिसणारे सगळे कोळी बाहेरून आलेले नसतात. पुष्कळसे घरातच जन्मलेले असतात. छताच्या कोपऱ्यात लांब, केसासारख्या पायांचा जो नाजूक कोळी उलटा लटकतो, ज्याच्या जाळ्याला बोट लावलं की तो स्वतःला गदागदा हलवून धूसर होऊन जातो, तो आपल्या घराचा जुना रहिवासी. जळमट म्हणून आपण जे काढतो ते बहुतांशी त्याचंच. तो डास खातो, झुरळाची पिल्लं खातो, दुसरे कोळीही खातो. मादी अंड्यांचा झुबका तोंडात धरून फिरते. भिंतीवर दिवसा टुणटुण उड्या मारणारा करडा, बुटका कोळीही घरचाच. त्याला जाळं नसतं. समोरचे दोन डोळे मोठे असतात, आणि तुम्ही वाकलात की तो मान वळवल्यासारखा वळून तुमच्याकडे बघतो. माझ्या वर्गातली मुलं त्याला कधी मारत नाहीत. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्याच कुळातली एक नवी जात ठाणे-कल्याण परिसरात सापडली आणि २०२१ साली संशोधकांनी तिला ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं. मुंबईवरच्या हल्ल्यात ज्यांनी अतिरेक्याची बंदूक सोडली नाही त्या तुकाराम ओंबळे यांचं नाव. हे सांगितलं तेव्हा वर्ग काही वेळ अगदी शांत झाला होता.

दुसरे ते, जे खरोखरच बाहेरून येतात. ते का येतात हे समजायला घराबाहेर, शेतात जावं लागतं.

जूनमध्ये अंड्यातून निघालेली पिल्लं मोहरीएवढी असतात. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चार महिने पावसाने किड्यांचं भरपूर खाद्य पुरवलं की भाद्रपद-अश्विनात ती वयात येतात, मोठी होतात आणि आपल्याला ‘अचानक’ दिसू लागतात. घाटातल्या पायवाटेवर दोन झाडांच्या मध्ये सोनेरी धाग्याचं परातीएवढं जाळं टाकून बसलेली मोठी काळी-पिवळी मादी याच दिवसांत दिसते. तिच्या जाळ्याच्या कडेला तांबूस ठिपक्यासारखा बसलेला तो तिचा नर. हे कोळी घरात येत नाहीत, त्यांना उंच झाडं आणि मोकळी हवा लागते. घरात येतात ते जमिनीवर फिरणारे, नाहीतर जोडीदार शोधणारे नर. पुष्कळ जातींत नर वयात आला की जाळं विणणं सोडतो, खाणंही फारसं करत नाही आणि मादीच्या वासामागे निघतो. त्याची खूण सोपी आहे. तोंडाजवळ जे दोन आखूड पायांसारखे अवयव असतात त्यांच्या टोकाला गाठी असतात, मूठ वळल्यासारख्या. इंग्लंड-युरोपात सप्टेंबरात घरोघरी मोठे कोळी दिसू लागतात. तिथल्या लोकांना वाटतं, थंडी पडली म्हणून आत आले. खरं तर त्यातले पुष्कळ वर्षभर घरातच राहिलेले असतात, या दिवसांत नर मादीच्या शोधात उघड्यावर फिरू लागतात एवढंच. आपल्याकडे तर थंडीचा प्रश्नच नाही. दसऱ्यानंतर ऊन उलट चांगलंच तापतं.

मग तिसरं कारण, आणि आमच्या भागात मला ते सगळ्यात मोठं वाटतं. ते म्हणजे कापणी. हळवं भात आधी कापतात, मग गरवं. नागली, वरई त्याच्या पुढेमागे. भाताच्या चुडाशी हजारो कोळी असतात. शेतकी पुस्तकं ज्याला लांडगा कोळी म्हणतात तो बुंध्याशी, पाण्याच्या वर पळत असतो. मादी अंड्यांची पांढरी गोळी मागे चिकटवून वागवते आणि पिल्लं फुटली की ती सगळी आईच्या पाठीवर चढून बसतात. हे कोळी तुडतुडे खातात, तेच तुडतुडे जे भात जाळल्यासारखं करून टाकतात. शेत कापलं, पेंढ्या बांधल्या, खळ्यावर आणल्या, घराशेजारी उडवी रचली, की त्या भाताबरोबर कोळीही घराशेजारी येतात. आम्हीच त्यांना डोक्यावरच्या भाऱ्यातून घेऊन येतो. उडवीपासून पडवी चार पावलांवर असते.

आणि चौथं, दिवा. दाराच्या वर लावलेली पांढरी ट्यूबलाइट संध्याकाळी पेटली की तिच्यावर शेतातले किडे कोसळतात. दिवाळीच्या आसपास तर सकाळी पडवी झाडताना तुडतुड्यांचे ढीग निघतात. जिथे वाढलेलं ताट, तिथे जेवणारे येणारच. पाल येते, बेडूक येतो, कोळी येतो. त्यात नवल काही नाही.

आता त्यांना बाहेर ठेवायचं कसं, ते सांगते. हे सगळं मी माझ्या घरी केलेलं आहे.

आधी दिवा बदलला. दारावरची पांढरी ट्यूब काढून तिथे मंद पिवळा दिवा लावला. पिवळ्या उजेडावर किडे कमी येतात. मोठा दिवा लागतोच, गोठ्यात जायला, रात्री कुणी आलं तर, म्हणून तो दारापासून लांब, अंगणाच्या टोकाला खांबावर नेला आणि काम झालं की बंद करायची सवय लावली. एकाच हंगामात पडवीतले किडे डोळ्यांना दिसतील इतके उतरले. माझं मत असं, की कुणाला एकच गोष्ट करायची असेल तर त्याने ही करावी. फवाऱ्याचे पैसे वाचतील.

मग फटी. आमचं घर निम्मं जुनं, निम्मं नवं. जुन्या भागाला कारवीचे कुड, वरून शेणमातीचा लेप आणि छपराला कौलं. नव्या भागात विटा आणि स्लॅब. नव्या भागाचं काम सोपं होतं. दाराखाली बोटभर फट होती, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून खिळ्यांनी ठोकली. मोरीच्या पाण्याच्या वाटेला बारीक जाळी बसवली. खिडक्यांना नायलॉनची मच्छरजाळी. नळाचा पाइप भिंतीतून आत येतो तिथलं भगदाड सिमेंट-वाळू कालवून बुजवलं. जुन्या भागात हे शक्य नाही. कौलांच्या खालून वारा येतो तसा कोळीही येणार. पण कुडाला पावसाने भेगा पडतात, त्या दिवाळीआधीच्या सारवणात नीट भरल्या, कोपऱ्यात आणि उंबऱ्याखाली बोटाने दाबून लेप बसवला, की खूप फरक पडतो. सासूबाई म्हणतात, पूर्वी चूल होती तेव्हा वाशांवर इतकी जळमटं नसायची, धुराने वासे काळे आणि कोरडे राहायचे. गॅस आल्यावर ती वाढली. त्यांचं निरीक्षण मला पटतं. पण त्याच धुराने त्यांना आयुष्यभराचा खोकला दिला आहे, म्हणून जळमटांसाठी चूल परत आणावी असं मी कुणालाही सांगणार नाही.

सरपण आणि गोवऱ्या भिंतीला टेकवून रचायची आमच्याकडे रीत आहे. ती सोडायला घरात सगळ्यात जास्त वाद झाला, कारण पावसात सरपण जवळ लागतं. शेवटी ते दहा पावलं लांब, ताडपत्रीखाली, विटांवर फळ्या टाकून रचलं. धान्याची पोती जमिनीवरून उचलून फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे. घराभोवतीचं गवत दसऱ्याआधी कापून टाकायचं. उडवी मात्र जवळच राहते, तिला इलाज नाही.

हे सरपणाचं आणि फटींचं काम मी कोळ्यांसाठी सांगते आहे, पण त्याहून महत्त्वाचं कारण दुसरं आहे. त्याच ढिगात विंचू राहतो आणि त्याच फटीतून मण्यार आत येते. आपल्या घरातल्या कोळ्यांना विष असतं, जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना थोडंफार असतं, पण ते किड्यांसाठी. माणसाला चावलाच तर गांधीलमाशीसारखी आग होते, सूज येते, उतरते. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत आणि बांधाच्या बिळात केसाळ, मोठे कोळी आहेत, त्यांचा चावा फार दुखतो, म्हणून बिळात हात घालू नये. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याने कोकणात आणि आपल्याकडे किती लेकरं नेली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं तेव्हा कुठे मरणारे वाचू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मण्यारीचं तर असं, की रात्री झोपेत चावली तर खूण दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून रात्री काहीतरी चावलं, पोटात दुखतंय, पापण्या जड होताहेत, असं कुणी म्हणालं तर ‘कोळी चावला असेल’ म्हणून झोपू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. कोळी, विंचू, मण्यार, डास, चौघांनाही ती एकच अडवते.

आता ‘अंगावर कोळी फिरला’ याबद्दल. आमच्याकडे या दिवसांत हे फार ऐकू येतं. सकाळी उठावं तर मानेवर, गालावर लाल पट्टा, दुसऱ्या दिवशी त्यावर भाजल्यासारखे फोड. शेजारचा पोरगा गेल्या वर्षी असाच आला, कोपराच्या आतल्या बाजूला समोरासमोर दोन सारखे चट्टे घेऊन. त्याच्या आईने कोळ्याला शिव्या दिल्या, घरातली सगळी जाळी झाडली. कोळ्याचा त्यात काहीच हात नव्हता. भाताच्या शेतात मुंगीएवढा, लांबट किडा असतो. कंबर तांबडी-नारिंगी, डोकं आणि शेपटीचं टोक काळं, पाठीवर निळसर पट्टा. पेडेरस त्याचं नाव. तो चावत नाही, डंखही मारत नाही. उजेडावर येतो, अंगावर बसतो आणि आपण झोपेत चिरडतो. त्याच्या अंगात पेडेरिन नावाचं जहाल द्रव्य असतं, ते कातडी जाळतं. चट्टा एक-दोन दिवसांनी उमटतो, त्यामुळे कुणी केलं ते कळत नाही. किडा अंगावर दिसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवायचं, तो हात डोळ्याला लावायचा नाही. आणि पुन्हा तेच, दिवा. अंथरुणाच्या वरचा दिवा झोपायच्या बराच आधी मालवायचा. त्या पोराच्या घरी दिवा नेमका त्याच्या उशाशी होता. गंमत अशी, की या किड्यालाही भातातले तुडतुडे आवडतात. शेतात तो आपल्याच बाजूचा आहे.

जखमेवर जळमट दाबायची जुनी रीतही अजून दिसते. रक्त थांबतं म्हणतात. जळमटात धूळ असते, किड्यांचे सांगाडे असतात, पालीची घाण असते. जखम स्वच्छ पाण्याने धुवून फडकं बांधा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

घरगुती उपायांबद्दल लोक विचारतात. २०१८ साली कॅनडातल्या संशोधकांनी कोळ्यांना पळवून लावणारे म्हणून सांगितले जाणारे काही पदार्थ तपासले. लिंबाच्या तेलाचा काही परिणाम दिसला नाही, पुदिन्याच्या तेलापासून काही जाती लांब राहिल्या. म्हणजे पुदिना थोडाफार चालेल, पण त्याचा वास उडतो आणि फट तशीच राहते. मी फट बुजवण्यावर विश्वास ठेवते.

फवाऱ्याला माझा विरोध आहे आणि तो मी स्पष्ट सांगते. फवारा थेट अंगावर पडला तरच कोळी बहुधा मरतो. वाशामागचा, जाळ्यात अधांतरी बसलेला वाचतो. विष मात्र पिठाच्या डब्यावर, पाण्याच्या हंड्यावर, रांगत्या मुलाच्या हातावर उरतं. शेतात याचा मोठा धडा इंडोनेशियाने घेतला. तिथे भातावर इतकी औषधं मारली की तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि कीटक आधी मेले आणि तुडतुडे बेफाम झाले. १९८६ साली त्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली. आमच्या भागात पूर्वी भाताला औषध माहीत नव्हतं, आता पाठीवरचा पंप घरोघरी आहे. बांधावर उभं राहून आधी चुडाशी वाकून कोळी मोजा, मग पंप उचला, असं मी पालकसभेत सांगते. काहीजण ऐकतात.

घरात मोठा कोळी दिसलाच तर मी आता किंचाळत नाही. रुंद तोंडाचा काचेचा डबा त्याच्यावर हळूच उपडा ठेवायचा, खालून जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद सरकवायचा आणि उडवीपाशी नेऊन सोडायचा. कोळी बादलीत पडलेला असेल तर तो तिथे जन्मला नाही, पाणी प्यायला उतरला आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवरून त्याला चढता आलं नाही. एक सुतळी काठावरून सोडली की तो आपला आपण निघून जातो. जळमटं मात्र काढावीतच, त्याबद्दल सासूबाईंचं बरोबर आहे. आठवड्याला एकदा बांबू फिरवला आणि कोपऱ्यातले अंड्यांचे झुबके काढले, तर घर स्वच्छ राहतं आणि कोळ्यांची संख्या आटोक्यात राहते.

यंदा पितरपाटात, दिनदर्शिका टांगते त्याच भिंतीवर, वाशाच्या खाली ती दिसली. तोच चपटा, तपकिरी शिकारी कोळी, या वेळी मादी. पोटाखाली गोल, चपटी, पांढुरकी चकती धरलेली, जुन्या रुपयाएवढी. त्या चकतीत शंभराहून जास्त अंडी असतात. ती वागवते आहे तोवर मादी बहुधा काही खात नाही, पिल्लं बाहेर येईपर्यंत जागची फारशी हलतही नाही. ही जात जगभरच्या उष्ण देशांत घरात राहते, झुरळं मारते, आणि हिला शास्त्रीय नाव लिनियसने १७६७ सालीच दिलं आहे. मी दुरूनच मुलांना दाखवली. नवऱ्याने विचारलं, काढू का. मी म्हटलं, थांबा.

दुपारी सासूबाई बांबू घेऊन आल्या. माळा झाला, देवळी झाली, मग त्या भिंतीपाशी आल्या. आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं, ‘काय आहे गं ते?’

मी सांगितलं. चकतीचंही सांगितलं.

‘जाळं आहे का तिचं?’

‘नाही. ही जाळं करत नाही.’

‘मग काय काढायचं?’ असं म्हणून त्यांनी बांबू उचलला आणि पुढचा वासा झाडायला घेतला.